मोठ्या राजकीय सभा-परिषदांसाठी होणारा प्रवास आणि त्याचा पर्यावरणीय भार : एक विवेचन

सारांश :
राजकीय मेळावे, मोर्चे, अधिवेशने आणि आंतरराष्ट्रीय परिषदा यांच्या पर्यावरणीय परिणामांची चर्चा प्रायः सभास्थानाच्या कुंपणाआत होते. कचरा, ध्वनी व प्लॅस्टिक हे तिचे विषय असतात. सभेसाठी लोक किती अंतरावरून आणि कोणत्या वाहनाने आले, हा प्रश्न मात्र क्वचित विचारला जातो. प्रस्तुत लेखात या प्रवासाचा हिशेब कसा मांडावा याचे सोपे विवेचन केले आहे. महाराष्ट्रातील काही प्रसंग आणि ग्लासगो येथील हवामान परिषद यांची तुलना करून, सभेचा पर्यावरणीय भार गर्दीच्या आकारापेक्षा अंतर, वाहन आणि वाहनातील प्रवासीसंख्या यांवर अधिक अवलंबून असतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : राजकीय सभा, प्रवास, कार्बन उत्सर्जन, दरडोई भार, सभास्थान, सभास्वातंत्र्य.

१. प्रस्तावना

६ मार्च २०१८ रोजी अखिल भारतीय किसान सभेच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी व आदिवासी नाशिकहून पायी निघाले आणि सुमारे १८० किलोमीटर अंतर चालून १२ मार्चच्या पहाटे मुंबईच्या आझाद मैदानावर पोहोचले. वाटेत मोर्चा वाढत गेला. मुंबईत पोहोचलेल्यांची संख्या ३५ ते ५० हजारांच्या दरम्यान असावी, असे अंदाज त्या वेळी व्यक्त झाले. दहावीच्या परीक्षार्थींना वाहतूक कोंडीचा त्रास होऊ नये म्हणून मोर्चेकऱ्यांनी शहरातील अखेरचा टप्पा रात्रीतून पार केला. मागण्यांबाबत लेखी आश्वासन मिळाल्यावर त्यांतील अनेकजण विशेष रेल्वेगाड्यांनी भुसावळच्या दिशेने परतले.

या मोर्चाची राजकीय चर्चा पुष्कळ झाली. त्यातील एक बाब मात्र पर्यावरणाच्या अभ्यासकाने वेगळी नोंदवून ठेवण्यासारखी आहे. अलीकडील काळात महाराष्ट्रात जमलेल्या मोठ्या राजकीय समुदायांपैकी एक समुदाय येताना जवळजवळ इंधन न जाळता आला आणि जाताना मुख्यतः रेल्वेने गेला. तेवढाच समुदाय बसने आला असता तर किती डिझेल जळाले असते? जीपगाड्यांनी आला असता तर? आणि तेवढेच लोक विमानाने एकत्र आले असते तर? या प्रश्नांची उत्तरे देण्यास कोणतीही अवघड गणिती साधने लागत नाहीत. तरीही ती दिली जात नाहीत, कारण सभेचा प्रवास हा कोणाच्याच हिशेबवहीत पर्यावरणाच्या रकान्यात नोंदला जात नाही.

२. लेखाची उद्दिष्टे व मर्यादा

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) राजकीय समुदायाच्या प्रवासाचा पर्यावरणीय भार मोजण्याची पद्धत स्पष्ट करणे.
२) वेगवेगळ्या प्रकारच्या प्रवासाचा दरडोई भार तुलनेने मांडणे.
३) सभास्थानाची निवड आणि पर्यावरणीय भार यांतील संबंध तपासणे.
४) सभास्वातंत्र्याला बाधा न आणता हा भार कमी करण्याचे उपाय सुचवणे.

येथे दिलेली बस, जीप व हेलिकॉप्टर यांची उदाहरणे ही गृहीतकांवर आधारलेली स्पष्टीकरणात्मक गणिते आहेत. ती कोणत्याही एका पक्षाच्या वा एका सभेच्या प्रत्यक्ष मोजमापाची आकडेवारी नव्हे. वाचकांनी आपल्या परिसरातील आकडे त्यांत घालून ती पुन्हा करून पाहावीत, अशी अपेक्षा आहे.

३. हिशेबाची पद्धत

प्रवासातून होणारे उत्सर्जन काढताना चार गोष्टी माहीत असाव्या लागतात : जाण्या-येण्याचे एकूण अंतर, वाहनाचा प्रकार, एका लिटरमागे वाहन किती किलोमीटर धावते हे प्रमाण, आणि वाहनात प्रत्यक्ष किती माणसे बसली ही संख्या. पहिल्या तीन गोष्टींवरून जळालेले इंधन कळते. एक लिटर डिझेल जळाले की सुमारे २.६८ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पेट्रोलसाठी हे प्रमाण सुमारे २.३ किलोग्रॅम आणि विमान इंधनासाठी सुमारे २.५ किलोग्रॅम आहे. इंधनातील कार्बनचे प्रमाण ठरलेले असल्याने हे गुणक वाहन नवे असो वा जुने, फारसे बदलत नाहीत. चौथी गोष्ट, म्हणजे वाहनातील माणसांची संख्या, ही दरडोई भार ठरवते. सर्वांत मोठा फरक तिथेच पडतो.

येथे एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. कार्बन डायऑक्साइडचा परिणाम जागतिक असतो. तो कोठे सोडला याला महत्त्व नसते. वाहनाच्या धुरातील सूक्ष्म कण आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचा परिणाम मात्र स्थानिक असतो. एकाच दिवशी, एकाच मैदानाभोवती हजारो वाहने उभी राहतात, चालू इंजिनावर खोळंबतात, तेव्हा त्या परिसरातील रहिवासी, वाहतूक पोलीस, फेरीवाले आणि सभेला आलेले लोकच तो धूर श्वासावाटे घेतात. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज ६ ही उत्सर्जन मानके नव्या वाहनांना लागू झाली. परंतु सभांसाठी भाड्याने घेतल्या जाणाऱ्या वाहनांत जुनी वाहनेही असतात. म्हणून केवळ कार्बनचा हिशेब पुरेसा नसून तो किमान हिशेब आहे.

४. एका सभेचे गणित

एखाद्या शहरात राज्यस्तरीय सभा आहे आणि तीसाठी सरासरी २०० किलोमीटर अंतरावरून एक हजार बस आल्या, असे मानू. जाऊन-येऊन प्रत्येक बस ४०० किलोमीटर धावते. लिटरला ५ किलोमीटर हे प्रमाण धरले तर एका बसला ८० लिटर डिझेल लागते आणि सुमारे २१४ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. बसमध्ये ४५ माणसे असतील तर दरडोई भार ४.८ किलोग्रॅम होतो. एक हजार बसचे मिळून ८० हजार लिटर डिझेल आणि २१४ टन कार्बन डायऑक्साइड. या बसमधून आलेली माणसे ४५ हजार.

याच अंतरासाठी इतर पर्याय असे दिसतात :

अ) बस अर्धी रिकामी, म्हणजे २२ माणसे : दरडोई सुमारे ९.७ किलोग्रॅम.
आ) लिटरला १२ किलोमीटर धावणारी डिझेल जीप, सात माणसे : दरडोई सुमारे १२.८ किलोग्रॅम.
इ) तीच जीप, दोन माणसे : दरडोई सुमारे ४४.७ किलोग्रॅम.
ई) हेलिकॉप्टरने येणारा नेता : दोन इंजिनांच्या हेलिकॉप्टरला आकारमानानुसार ताशी साधारण २५० ते ५०० लिटर इंधन लागते. ताशी ३०० लिटर व दोन तासांचे उड्डाण धरले तर ६०० लिटर इंधन, म्हणजे सुमारे १.५ टन कार्बन डायऑक्साइड.

अखेरचा आकडा थोडा थांबून पाहण्याजोगा आहे. दीड टन म्हणजे वरील हिशेबातील सात भरलेल्या बसचे, अर्थात ३१५ माणसांच्या प्रवासाचे उत्सर्जन. व्यासपीठावर येणाऱ्या एका छोट्या गटाचा दोन तासांचा हवाई प्रवास आणि समोर बसलेल्या ३१५ श्रोत्यांचा ४०० किलोमीटरचा प्रवास हे पर्यावरणाच्या तराजूत समान ठरतात. निवडणुकीच्या काळात असे हेलिकॉप्टर एका दिवसात तीन-चार सभांसाठी फिरते आणि हा क्रम कित्येक दिवस चालतो. सभेनंतर 'गर्दीने शहराचे पर्यावरण बिघडवले' असा जो सूर वृत्तपत्रांतून निघतो, त्याला या आकड्यांचा आधार मिळत नाही. भरलेल्या एसटीतून आलेला श्रोता या हिशेबात सर्वांत कमी दोषी ठरतो.

बसच्या हिशेबात आणखी एक खर्च दडलेला असतो. महाराष्ट्रात मोठ्या सभांसाठी राज्य परिवहन महामंडळाच्या बस प्रासंगिक करारावर घेण्याची पद्धत जुनी आहे व ती सर्वपक्षीय आहे. आगारातून गावापर्यंत आणि सभेनंतर गावाहून आगारापर्यंत बस रिकामी धावते, ते अंतर वरील ४०० किलोमीटरमध्ये धरलेले नाही. शिवाय एका आगारातून अनेक बस गेल्या की नियमित फेऱ्या रद्द होतात. ग्रामीण महाविद्यालयांतील प्राध्यापकांना याचा परिणाम चांगला परिचित आहे : त्या दिवशी वर्गातील बाके रिकामी राहतात, आणि जे विद्यार्थी येतात ते वडापच्या जीपने किंवा कोणाच्या तरी दुचाकीवरून येतात. म्हणजे सभेला न गेलेल्या माणसालाही अधिक धूर सोडणाऱ्या आणि कमी सुरक्षित वाहनाकडे वळावे लागते. बाजारला निघालेली वृद्ध स्त्री, रुग्णालयात तपासणीसाठी जाणारा रुग्ण यांचा खोळंबा तर कोणत्याच गणितात बसत नाही.

५. ग्लासगोची परिषद : तेवढीच माणसे, वेगळा भार

राजकीय समुदाय म्हणजे केवळ मैदानावरील सभा नव्हे. राष्ट्राराष्ट्रांचे प्रतिनिधी वाटाघाटींसाठी जमतात त्या परिषदाही राजकीय समुदायच होत. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक करारातील सदस्य देशांची वार्षिक परिषद हे त्याचे ठळक उदाहरण. आठवी परिषद २००२ मध्ये नवी दिल्ली येथे भरली होती. सव्विसावी परिषद कोविडच्या साथीमुळे एक वर्ष पुढे ढकलली जाऊन नोव्हेंबर २०२१ मध्ये स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे झाली. तीसाठी नाव नोंदवलेल्यांची संख्या ४० हजारांच्या जवळ होती. आपल्या उदाहरणातील एक हजार बसच्या सभेपेक्षा किंचित कमी, आणि किसान मोर्चाच्या जवळपास.

यजमान ब्रिटिश शासनासाठी अरुप या सल्लागार संस्थेने केलेल्या प्राथमिक अंदाजानुसार या परिषदेचे एकूण उत्सर्जन सुमारे १ लाख २ हजार ५०० टन कार्बन डायऑक्साइडइतके होते आणि त्यातील सुमारे ६० टक्के वाटा आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाचा होता. म्हणजे केवळ विमानप्रवासाचे उत्सर्जन ६१ हजार टनांहून अधिक, दरडोई सुमारे दीड टन. भारतात एका माणसामागे वर्षभरात होणारे कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन सरासरीने दोन टनांच्या आसपास असते, हे लक्षात घेतले तर या आकड्याचे वजन कळते. भरलेल्या एसटीने सभेला येणाऱ्या माणसाच्या तुलनेत हा भार तीनशे पटींहून अधिक आहे.

ही तुलना करताना न्यायबुद्धी सोडता कामा नये. एका दिवसाची सभा आणि दोन आठवड्यांची जागतिक परिषद यांची कार्ये भिन्न आहेत. समुद्राची पातळी वाढल्याने ज्यांची भूमीच धोक्यात आली आहे अशा छोट्या द्वीपराष्ट्रांच्या प्रतिनिधींना त्या सभागृहात प्रत्यक्ष बसण्याचे दुसरे साधन नाही. परंतु परिषदेला येणारे सर्वच वाटाघाटी करणारे नसतात. निरीक्षक, प्रदर्शनकार, उद्योगांचे प्रतिनिधी, प्रसिद्धी माध्यमांचे लोक आणि मोठ्या देशांची लांबलचक शिष्टमंडळे यांनी ही संख्या फुगते. २०२३ मधील दुबईच्या अठ्ठाविसाव्या परिषदेत प्रत्यक्ष उपस्थिती ८० हजारांच्या पुढे गेली. २०२५ मध्ये ब्राझीलमधील बेलेम येथे तिसावी परिषद भरली तेव्हा निवासाची सोय अपुरी असल्याने मोठी प्रवासी जहाजे आणून प्रतिनिधींची व्यवस्था करावी लागली. ॲमेझॉनच्या मुखाशी परिषद भरवण्यामागे वनांचा प्रश्न जगासमोर आणण्याचा हेतू होता. तेथे पोहोचण्याचा पर्यावरणीय खर्च हा त्या हेतूची किंमत होती.

अशा उत्सर्जनाची भरपाई अन्यत्र करण्याची प्रथाही रूढ झाली आहे. २००९ च्या कोपनहेगन परिषदेच्या वेळी डेन्मार्कने बांगलादेशात ढाका परिसरातील जुन्या वीटभट्ट्या बदलण्याच्या प्रकल्पाला निधी देऊन भरपाईचा मार्ग स्वीकारला. अशा प्रकल्पाने तेथील हवा सुधारत असेल तर ते स्वागतार्हच आहे. तथापि विमानातून बाहेर पडलेला कार्बन तत्काळ वातावरणात मिसळतो आणि भरपाई मात्र पुढील अनेक वर्षांत, काही गृहीतके खरी ठरली तर होते. म्हणून भरपाई हा प्रवास टाळण्याला किंवा कमी करण्याला पर्याय ठरू शकत नाही.

६. सभास्थानाची निवड

आतापर्यंतच्या विवेचनात अंतर हे दिलेले मानले होते. वस्तुतः ते संयोजक ठरवतात. सभा कोठे घ्यावी, या निर्णयातच तिच्या प्रवासाचा बराचसा भार निश्चित होतो.

भारतीय राष्ट्रीय काँग्रेसचे पहिले अधिवेशन १८८५ मध्ये मुंबईत ७२ प्रतिनिधींच्या उपस्थितीत झाले. पुढे कित्येक वर्षे अधिवेशने रेल्वेने जोडलेल्या मोठ्या शहरांत आणि बहुधा नाताळच्या सुटीत भरत. वकील, संपादक, शिक्षक यांना ते सोयीचे होते. महात्मा गांधींच्या आग्रहातून खेड्यात अधिवेशन घेण्याची कल्पना पुढे आली आणि डिसेंबर १९३६ मध्ये तत्कालीन पूर्व खानदेशातील, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यातील, फैजपूर येथे पंडित जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन झाले. धनाजी नाना चौधरी यांच्यासारख्या स्थानिक कार्यकर्त्यांनी त्यासाठी परिश्रम घेतले. चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारखे स्थानिक साहित्य वापरून अधिवेशननगरीची सजावट केली. त्या काळी कार्बनचा विचार कोणाच्या मनात असण्याचे कारण नव्हते. हेतू राजकीय होता : शेतकऱ्याने शहरात यावे याऐवजी अधिवेशनाने शेतकऱ्याच्या दारी जावे. परंतु पर्यावरणाच्या दृष्टीने पाहता, थोड्यांना लांबून यायला लावून अनेकांना जवळून येण्याची सोय करणे, हेच त्या निर्णयाचे सूत्र होते.

हेच सूत्र वेगळ्या रीतीने नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात दिसते. १९५३ च्या नागपूर करारातील तरतुदीला अनुसरून राज्य विधिमंडळाचे वर्षातील एक अधिवेशन नागपुरात घेण्याचा प्रघात आहे. त्यासाठी मुंबईहून मंत्री, अधिकारी, कर्मचारी आणि कागदपत्रे आठशेहून अधिक किलोमीटर दूर नेली जातात. हा खर्च अनावश्यक असल्याची टीका अधूनमधून होते. टीकाकार एक बाजू विसरतात. अधिवेशनकाळात विदर्भातून निघणारे मोर्चे, शिष्टमंडळे आणि गाऱ्हाणी घेऊन येणारे नागरिक यांना मुंबई गाठावी लागली असती तर त्यांचा एकत्रित प्रवास किती झाला असता? गडचिरोलीच्या माणसाला नागपूर जवळचे आहे. २०२० व २०२१ मध्ये साथीच्या काळात हिवाळी अधिवेशन मुंबईत झाले, तेव्हा राजधानीपासून दूर असणे म्हणजे काय याचा अनुभव विदर्भाला पुन्हा आला. शासनाने लांबचा प्रवास करावा म्हणजे जनतेचा प्रवास वाचेल, ही देवघेव तपासून पाहण्याजोगी आहे. मात्र तीत शासनाचा प्रवास रेल्वेने होतो की विमानाने व मोटारींच्या ताफ्याने, यावर निष्कर्ष अवलंबून राहील.

सभा विखुरण्याचा मार्गही महाराष्ट्राने पाहिला आहे. मराठा क्रांती मूक मोर्चांची सुरुवात ९ ऑगस्ट २०१६ रोजी तत्कालीन औरंगाबाद येथे झाली आणि ते नंतर जिल्ह्याजिल्ह्यांत निघाले. राज्यव्यापी मोर्चा मुंबईत निघाला तो वर्षभराने, ९ ऑगस्ट २०१७ रोजी. जिल्हावार रचनेचे पर्यावरणीय गणित सोपे आहे. एकेरी अंतर २०० वरून ४० किलोमीटरवर आले तर बसमधील दरडोई उत्सर्जन ४.८ किलोग्रॅमवरून एका किलोग्रॅमच्याही खाली येते. अर्थात सभा जवळ आली की येणाऱ्यांची संख्या वाढते आणि एकूण बचत तेवढी राहत नाही. परंतु हा दोष मानण्याचे कारण नाही. तेवढ्याच डिझेलमध्ये पाचपट नागरिक सहभागी होत असतील, तर लोकशाहीच्या दृष्टीने तो लाभच आहे.

७. पडद्यावरील सभा हा पर्याय आहे काय?

प्रवासच नको, सभा दूरदृश्य माध्यमातून घ्यावी, असे सहज सुचवले जाते. गुजरात विधानसभेच्या २०१२ च्या आणि लोकसभेच्या २०१४ च्या निवडणुकीत त्रिमितीय प्रतिमेच्या साहाय्याने एकाच भाषणाचे अनेक ठिकाणी एकाच वेळी प्रक्षेपण करण्यात आले. जानेवारी २०२२ मध्ये पाच राज्यांच्या निवडणुकांच्या वेळी निवडणूक आयोगाने साथीमुळे प्रत्यक्ष सभा व मिरवणुकांवर काही काळ बंदी घातली, तेव्हा सर्व पक्षांना पडद्याचा आश्रय घ्यावा लागला. त्या वेळी छोट्या पक्षांनी व्यक्त केलेली अडचण बोधप्रद होती : ज्यांच्याकडे साधने अधिक, त्यांचाच आवाज पडद्यावर मोठा होतो. हवामान परिषदेच्या पूर्वतयारीच्या बैठका मे-जून २०२१ मध्ये दूरस्थ पद्धतीने झाल्या, तेव्हाही विकसनशील देशांच्या प्रतिनिधींना खंडित होणारे इंटरनेट आणि अवेळी चालणाऱ्या बैठका यांना तोंड द्यावे लागले.

यावरून असे दिसते की, जेथे एक बोलतो आणि इतर ऐकतात तेथे पडदा प्रवासाची जागा बऱ्याच अंशी घेऊ शकतो. नेत्याचे भाषण तालुक्याच्या ठिकाणी पडद्यावर ऐकता येते व त्यासाठी हेलिकॉप्टर लागत नाही. परंतु जेथे उपस्थिती हेच म्हणणे असते तेथे पडदा निरुपयोगी ठरतो. आझाद मैदानावर पोहोचलेल्या शेतकऱ्यांच्या मागण्या निवेदनाच्या रूपाने पूर्वीही पाठवता आल्या असत्या. त्या ऐकल्या गेल्या त्या हजारो माणसे चालत आल्यावर.

या ठिकाणी किसान मोर्चाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. त्याचा कार्बनभार नगण्य होता, म्हणून तो विनाखर्च होता असे म्हणता येणार नाही. सोलून निघालेल्या तळपायांची छायाचित्रे त्या दिवसांत सर्वत्र प्रसिद्ध झाली होती. इंधनाने न दिलेली किंमत शरीरांनी दिली होती. त्यामुळे पायी मोर्चाला 'हरित सभेचा आदर्श' म्हणून मिरवणे औचित्याला धरून होणार नाही. गरिबाने चालावे आणि संपन्नाने उडावे, असा अर्थ त्यातून निघू नये.

८. नियम, हिशेब आणि उत्तरदायित्व

शांततापूर्वक व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा अधिकार भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(ख) ने नागरिकांना दिला आहे. अनुच्छेद ४८-क ने पर्यावरणाचे रक्षण हे राज्याचे, आणि अनुच्छेद ५१-क(छ) ने ते नागरिकांचेही कर्तव्य मानले आहे. ही दोन्ही मूल्ये एकाच संविधानातील असल्याने त्यांचा मेळ घालणे हेच आपले काम आहे.

सभेच्या ध्वनीबाबत हा मेळ काही प्रमाणात घातला गेला. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकावर निर्बंध आले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये दादरचे शिवाजी पार्क शांतता क्षेत्र ठरवले. प्रवासाबाबत मात्र संयोजकाला वाहने कोठे उभी करणार एवढेच प्रामुख्याने विचारले जाते. ती किती दूरून, किती माणसे घेऊन येणार, हा प्रश्न पर्यावरणाच्या दृष्टीने विचारला जात नाही.

वास्तविक या हिशेबासाठी लागणारी बरीच माहिती रुपयांच्या रूपात आधीच उपलब्ध असते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ७७ नुसार प्रत्येक उमेदवाराला निवडणूक खर्चाचा हिशेब ठेवावा लागतो आणि त्यात वाहनांचा खर्चही येतो. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणानुसार पक्षाच्या ठरावीक नेत्यांचा प्रचारासाठी केलेला विमान वा इतर साधनांनी झालेला प्रवास उमेदवाराच्या खर्चात धरला जात नाही. तो पक्षाच्या हिशेबात दाखवला जातो. कायद्याच्या दृष्टीने यास कारण आहे. मात्र परिणाम असा होतो की, कार्यकर्त्याची जीप मोजली जाते आणि सर्वाधिक इंधन जाळणारे साधन मतदारसंघाच्या हिशेबाबाहेर राहते. रुपयांवरून लिटर आणि लिटरवरून किलोग्रॅम काढणे हे अंकगणित आहे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

९. सूचना

१) मोठ्या सभेच्या परवानगी अर्जात वाहनांची अपेक्षित संख्या, प्रकार, सरासरी अंतर आणि प्रवासीसंख्या नमूद करावी. सभेनंतर प्रत्यक्ष आकडे जाहीर करावेत. या माहितीवरून परवानगी नाकारता येणार नाही, अशी स्पष्ट तरतूद असावी.
२) प्रासंगिक करारावर बस देताना प्रत्येक आगारातून किमान किती नियमित फेऱ्या चालू राहतील हे आधी ठरवावे. शाळा-महाविद्यालयांच्या वेळेच्या फेऱ्या वगळू नयेत.
३) लांबच्या अंतरासाठी विशेष रेल्वेगाड्यांना प्राधान्य द्यावे. वीजनिर्मितीतील उत्सर्जन शिल्लक राहिले तरी शहरातील धूर व कोंडी त्यामुळे टळते.
४) राज्यस्तरीय सभांऐवजी विभाग व जिल्हा स्तरावरील सभांचा पर्याय पक्षांनी स्वीकारावा. त्या ठिकाणी नेत्यांचे भाषण पडद्यावरून ऐकवता येईल.
५) काटकसरीचा आरंभ व्यासपीठापासून व्हावा. हेलिकॉप्टर, मोटारींचा ताफा आणि दोन-तीन माणसांच्या जीपगाड्या यांना आधी कात्री लागावी.

१०. अध्यापकांचे कार्य

विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशास अनुसरून पदवी स्तरावर पर्यावरण अभ्यास हा विषय अनिवार्य केला. या विषयातील क्षेत्रकार्य पुष्कळदा नदीकाठची भेट आणि छापील प्रकल्पवही यांतच संपते. आपल्या तालुक्यात होणाऱ्या पुढील मोठ्या सभेच्या दिवशी विद्यार्थ्यांना वाहनतळावर नेऊन वाहने मोजायला लावणे, चालकांशी बोलून अंतर व प्रवासीसंख्या नोंदवून घेणे आणि वर्गात त्याचे गणित करणे, हा प्रकल्प भूगोल, राज्यशास्त्र, सांख्यिकी व वाणिज्य या चारही विभागांना एकत्र आणणारा आहे. दोन पथ्ये मात्र पाळावी लागतील. मोजणी सर्व पक्षांच्या सभांची करावी, एकाच पक्षाची नव्हे. आणि कोणाचेही नाव वा वाहनक्रमांक नोंदवू नये. या पथ्यांअभावी प्रकल्प अभ्यासाऐवजी आरोपाचे साधन बनेल.

हीच फूटपट्टी आपल्यालाही लावून पाहणे उचित ठरेल. एका सत्रातील एका बीजभाषणासाठी दूरच्या शहरातून विमानाने वक्ता बोलावणारी राष्ट्रीय चर्चासत्रे आपणही भरवतो. तेथील दरडोई भार तालुक्याच्या सभेपेक्षा कितीतरी अधिक भरेल, हे वरील आकड्यांवरून उघड आहे.

११. समारोप

राजकीय समुदायाचा पर्यावरणीय भार मोजताना डोकी मोजणे फारसे उपयोगी नाही. पायी आलेले, बसने आलेले आणि विमानाने आलेले साधारण सारखेच समुदाय पाहिले असता त्यांच्या उत्सर्जनात शून्याजवळून साठ हजार टनांपर्यंत अंतर पडते. या अंतराचे कारण गर्दी नसून प्रवासाची लांबी व साधन हे आहे. म्हणून पर्यावरणाचे कारण पुढे करून सामान्य माणसाच्या एकत्र येण्यावर मर्यादा घालणे शास्त्रीयदृष्ट्या चुकीचे आणि राजकीयदृष्ट्या अन्याय्य ठरेल. ज्याच्याकडे धन नाही, माध्यम नाही, ओळख नाही, त्याच्याकडे संख्या असते आणि ती दाखवण्यासाठी त्याला मैदानापर्यंत यावे लागते. त्याचा मैदानापर्यंतचा रस्ता जवळचा कसा करता येईल आणि व्यासपीठावर येणाऱ्यांचा प्रवास साधा कसा होईल, याचा विचार पक्षांनी, प्रशासनाने आणि परिषदांच्या संयोजकांनी करावा. त्याची सुरुवात प्रामाणिक मोजणीपासून होऊ शकते, आणि ती मोजणी करण्याची क्षमता आपल्या महाविद्यालयांत आहे.